लुतीच्या कुत्र्यांना हाकलू नका, औषधाला हातभार लावा

सर्व ग्रामस्थ, कोळी बांधव-भगिनी, घरगुती निवास चालवणारे आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी यांस,

पाऊस सरला. दिवाळीत पाहुणे येतील, पोरं दिवसभर पुळणीवर असतील. त्याआधी गावातल्या भटक्या कुत्र्यांच्या अंगावरची लूत आणि पोटातले जंत यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा, म्हणून हे आवाहन.

कुत्र्यांच्या आतड्यात अंकुशकृमी नावाचे बारीक जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून वाळूत पडतात. ओलसर, सावलीतल्या वाळूत साधारण आठवडाभरात त्यांच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरण्याजोग्या होतात. माणसाच्या अंगात या अळीची सहसा पुढची वाढ होत नाही, ती कातडीतच भटकत राहते. पायावर वळणावळणाची लाल रेघ उठते, रोज थोडी पुढे सरकते आणि खाजेने रात्रीची झोप उडते. भरतीने रोज धुतली जाणारी, उन्हात तापणारी वाळू त्या मानाने सुरक्षित. खरा धोका सुरूच्या बनात आणि वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत आहे. कुत्री तिथेच निजतात, पोरं तिथेच खेळतात आणि बायका मासळी निवडायलाही तिथेच बसतात. तिथे चपला घाला, खाली गोणपाट अंथरा.

रेघ दिसली तर सुईने टोकरू नका, डागू तर मुळीच नका. अळी बहुधा रेघेच्या टोकाच्याही पुढे गेलेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, गोळ्यांनी हा आजार बरा होतो.

लूत वेगळी. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीमुळे होते. अशा कुत्र्याला जवळ घेतलं की हातांवर, पोटावर खाजरं पुरळ येतं. ही कीड माणसाच्या अंगावर टिकत नाही. कुत्रा बरा झाला की पुरळही जातं. पण बोटांच्या बेचक्यात खाज असेल आणि घरात एकामागून एकाला होत असेल, तर ती बहुधा माणसांची खरूज असते. ती माणसाकडूनच माणसाला लागते आणि सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं. तिच्यासाठी कुत्र्याला दोष देऊ नये.

एक कळकळीची विनंती. कुत्र्यांच्या अंगावर जळकं ऑईल किंवा रॉकेल ओतू नका. ती अंग चाटतात आणि ते विष पोटात जातं. गुरांचं इंजेक्शनही अंदाजाने टोचू नका. औषधाची मात्रा पशुवैद्यकानेच वजन पाहून ठरवायची असते. गोणीत भरून शेजारच्या गावात सोडलेला कुत्रा लूत तिकडे नेतो आणि त्याच्या मोकळ्या जागी दुसरी कुत्री येतात. विष घालणं तर गुन्हाच आहे.

आता मदतीचं. लुतीचं औषध बहुतेकदा पुन्हा द्यावं लागतं. जंताचं औषध मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी आणि पिल्लांना दोन आठवड्यांची झाल्यापासून द्यायला हवं, कारण जंत आईच्या दुधातूनही पिल्लांच्या पोटात जातात. म्हणजे हा खर्च वर्षभराचा आहे. जमेल ती रक्कम द्या, पावती मिळेल. चाकरमान्यांनी आपल्या वाडीचा वाटा उचलला तर मोठा आधार होईल.

पैशांइतकीच गरज आहे ती रोज कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्यांची. ओळखीच्या हातून कुत्रा औषधाचा घास निमूट खातो, परक्याला जवळही येऊ देत नाही. तुमच्या आळीत असं कोणी असेल तर नाव कळवा. कुत्रं धरण्याचं काम मात्र रेबीजची लस घेतलेल्यांनीच करायचं आहे. तरी कोणाला चावलं तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

हॉटेलवाल्यांनी उरलेलं अन्न आणि माशांची डोकी पुळणीवर टाकू नयेत. सुरूच्या बनातली विष्ठा उचलायला फावडी, घमेली, रबरी हातमोजे आणि गमबूट हवे आहेत. वस्तू आणि वर्गणी ग्रामपंचायत कार्यालयात कामाच्या वेळेत स्वीकारली जाईल. सफाई दर रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी होईल. लहान मुलांना सोबत आणू नये.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती