देव गप्प आहे असे म्हणणाऱ्याला मंडळीत जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन या वेळेत अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन होते. त्यांतला चौथा उद्गार, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तय आणि मार्क या दोघांनी प्रभूच्या मूळ बोलीतल्या शब्दांसह जपून ठेवला आहे. परंतु हाच प्रश्न मंडळीतल्या एखाद्या दुःखिताने उघडपणे विचारला, की आपण त्याचा विश्वास मोजायला बसतो. या वृत्तीबद्दल सोलापूरच्या ख्रिस्ती बंधुभगिनींशी आपल्या वृत्तपत्राद्वारे बोलावे, म्हणून हे लिहीत आहे.

सोलापूर हे आता उपचारांसाठी येणाऱ्यांचे शहर आहे. जिल्ह्यातूनच नव्हे, तर धाराशिव आणि शेजारच्या कर्नाटकातूनही माणसे येथे रुग्ण घेऊन येतात आणि रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून काढतात. रुग्णभेटीच्या निमित्ताने अशा कुटुंबांशी बोलताना मला सर्वांत जड जाते ते त्यांचे आजारपण नव्हे, तर आमच्याच माणसांनी तेथे येऊन केलेली चौकशी: ‘घरात कोणाचे पाप लपलेले नाही ना?’, ‘प्रार्थना कमी पडते आहे का?’ पतीच्या डायलिसिससाठी वारंवार खेटे घालणाऱ्या एका भगिनीने प्रार्थना सभेत ‘देव माझे ऐकत नाही असे वाटते’ एवढेच म्हटले, तर तिला ते वाक्य मागे घ्यायला लावण्यात आले. तिने उपासनेला येणे सोडले, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही सोडले असते.

हे वागणे शास्त्राला धरून नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटांमागून संकटे कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाचा हिशेब मांडू लागले, आणि अखेरीस परमेश्वराचा कोप झाला तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण 88वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. ज्यांनी पवित्र शास्त्र संकलित केले, त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही आणि ते वगळलेही नाही, याचा आपण कधी विचार करतो का? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत सलणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. त्याला कृपा मिळाली, काटा मात्र राहिला.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 साली, प्रसिद्ध झाली. कोलकात्यातल्या मरणासन्न माणसांची सेवा करताना सुमारे पन्नास वर्षे, मधला थोडका काळ सोडला तर, त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता, हे त्या पत्रांतून जगाला कळले. त्यांचा विश्वास आटला होता, असा अर्थ तेव्हा काहींनी काढला. मला तो उथळ वाटतो. काहीही जाणवत नसताना जी बाई रोज पहाटे प्रार्थनेला बसते आणि मग कामाला निघते, तिच्याकडे विश्वासाखेरीज दुसरे होते तरी काय? आपल्या जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आई-वडील गमावले, पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, 1882 मध्ये, पती गेले, आणि त्यांनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा भार ज्या मनोरमेने पुढे वाहायचा ती एकुलती मुलगीही 1921 मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, गेली. त्यांची प्रार्थना कमी पडली असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का? मग रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या अनोळखी बाईला तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येथे एक भेद सांभाळला पाहिजे. देव दूर वाटणे हा आजार नव्हे. परंतु ज्याची झोप आणि भूक गेली आहे, ज्याला जगणेच नकोसे झाले आहे, त्याला केवळ वचने ऐकवून घरी पाठवणे धोक्याचे आहे. अशा माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जाणे हेही मंडळीचेच काम आहे. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर लिहिलेला असावा.

पाळकसाहेबांना आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळींना माझी विनंती आहे की, साक्षीच्या, म्हणजे उपासनेत आपला अनुभव सांगण्याच्या, वेळी केवळ बरे झालेल्यांना आणि नोकरी लागलेल्यांना पुढे बोलावू नये; ज्याची प्रार्थना अजून अनुत्तरित आहे, त्यालाही उभे राहून तसे सांगता यावे, आणि त्याचे बोलणे संपताच कोणी उपदेशाला सुरुवात करू नये. महिन्यातून एका रविवारी तरी विलापाचे एक स्तोत्र पूर्ण वाचले जावे. आणि रुग्णभेटीला जाणाऱ्यांनी ईयोबाच्या मित्रांचे ते पहिले सात दिवस तेवढे अनुसरावेत.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक, सोलापूर