रस्त्याकडेच्या वीरगळांशेजारी माहितीची पाटी लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या जिकडे बघावं तिकडे रस्ता रुंदीकरण चालू आहे, रस्ते व्हायलाच पाहिजेत त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण रस्त्याच्या कडेला जे जुने कोरीव दगड उभे असतात त्यांचं काय होतं हे कोणी विचारतच नाही म्हणून हे पत्र.

आमच्या गावाच्या वेशीवर तीन वीरगळ होते, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. लहानपणी आम्ही त्यांना नुसतं देव म्हणायचो, शेंदूर फासलेला असायचा, लग्नाची वरात तिथे नारळ फोडूनच पुढे जायची. दोन वर्षांपूर्वी रस्ता झाला आणि आता एकच उरलाय, तोही गटाराच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. बाकीचे दोन भरावात गेले की कोणी उचलून नेले ते कळलं नाही. कामावरच्या मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "कुठले दगड?" त्याच्यावर तरी किती रागावणार, हा दगड काय आहे हे सांगणारी साधी पाटी तिथे कधी नव्हतीच आणि गावातल्या आम्हा लोकांनाही कुठे माहीत होतं.

मला स्वतःला वीरगळ वाचायला वयाच्या पन्नाशीत कळलं. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो, तिथे गाई कोरल्या असतील तर समजायचं की गावाचं गोधन पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला. त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात, आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत बसलाय. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, पण आपल्याच गावातला कोणीतरी माणूस आपल्याच गुरांसाठी मेला आणि गावाने त्याच्यासाठी दगड उभा केला, एवढं कळलं तरी त्या दगडाकडे बघायची नजर बदलते हो. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा, ते बघून मात्र पोटात कालवतं.

आणि हे फक्त खेड्यातच आहे असं नाही. मुंबईत बोरिवलीला एकसर गावठाणात वीरगळ आहेत, त्यांच्यावर चक्क वल्ह्यांच्या युद्धनौका आणि समुद्रातली लढाई कोरलीये. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातल्या आरमाराचं असं चित्र दगडावर बघायला मिळतं आणि बोरिवलीत जन्म काढलेल्या लोकांना ते माहीत नसतं.

गधेगाळांची, म्हणजे शाप कोरलेल्या दगडांची, तर आणखी वाईट गत. जमीन दान दिली की ते दान जो मोडेल त्याला शिवी कोरून ठेवायचे, वर चंद्रसूर्य, मधे मजकूर आणि खाली गाढव आणि बाई. लोकांना लाज वाटते, दगड पालथा घालतात नाहीतर पायरीला लावतात, आणि पायरीला लावला की अक्षरं झिजून जाणार हे ठरलेलंच. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध शिलालेख शापवचनाचाच आहे, शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. तोसुद्धा वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेलाच होता.

आता जिथे सरकारी पाटी असते तिथलं सांगतो. निळी पाटी असते, त्यावर जुन्या स्मारकांच्या संरक्षणाचा १९५८ चा कायदा, नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, शंभर मीटरमध्ये बांधकाम बंद. कायदा हवाच. पण ती पाटी पूर्ण वाचूनही ही वास्तू कोणी बांधली, इथे काय घडलं हे कळत नाही! आणि जिथे गावकरी हौसेने फलक लावतात तिथे शके आणि इसवी सनाची गल्लत असते, ७८ वर्षांचा फरक पडतो, मग तीच चूक शाळेतली पोरं वहीत उतरवून घेतात.

मुंबईत इंग्रजांच्या काळातले मैलाचे दगड आहेत, फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून बसवलेले. फुटपाथ वर वर चढत गेले आणि त्यातले काही गळ्यापर्यंत गाडले गेले. लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा ते पुन्हा मोकळे झाले, म्हणजे मनावर घेतलं तर होतं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक गावाने जपलंय. इतर बऱ्याच गावांत मात्र चावडीच्या भिंतीत एक इंग्रजी पाटी असते, गावातून इतके युद्धावर गेले, त्यातले इतके मेले, एवढाच आकडा. त्या माणसांची नावं काढून मराठीत खाली लिहायला काय हरकत आहे? महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी ऑनलाइन बघता येतात, कितीतरी नोंदींत बापाचं नाव आणि गावसुद्धा असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रस्त्याची मोजणी होते तेव्हा झाडं मोजतात, विजेचे खांब मोजतात, तसेच हे दगडही मोजा, फोटो काढा, नकाशात दाखवा, आणि हलवायचेच असतील तर पुरातत्त्व खात्याला विचारून त्याच गावात नीट उभे करा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा शिलालेख १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतो, तो भरावात टाकायचा राडारोडा नाही. आणि शेजारी पाटी लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, गुरं घेऊन जाणाऱ्याला चालता चालता वाचता येईल अशी.

आमच्या उरलेल्या एका वीरगळासाठी ग्रामसभेत अर्ज दिलाय. पाटीचा मजकूर सहा ओळींचा आहे, तालुक्याच्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतलाय. दगड गटारापासून उचलून वडाच्या पारावर बसवायचा खर्च आम्ही चारपाच जण करायला तयार आहोत, फक्त परवानगी मिळाली पाहिजे. आणि ते दोन दगड कोणाच्या अंगणात, बांधावर असतील तर त्यांनी परत आणून द्यावेत, कोणी काही विचारणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक