औषध कधी येणार?

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "तुझं औषध कधी येणार?" मी विषय बदलला. फिटवरच्या औषधासाठी ज्या रेणूवर आम्ही सहा वर्षं राबलो, तो गेल्या महिन्यात बंद झाला. उंदरांची फिट तो छान थांबवायचा, पण मात्रा वाढवली की यकृताला सोसेना.

वाईट वाटलं, पण झोप उडाली नाही. झोप उडते ती वेगळ्याच धास्तीनं: औषधं निवडायची आमची चाळणीच चुकीची असली तर? उंदराला विजेचा झटका द्यायचा किंवा झटके आणणारं रसायन टोचायचं, आणि औषधानं फिट टळते का बघायचं. मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी विजेचे झटके देऊन मांजरांवर फेनिटॉइन या फिटवरच्या औषधाचा गुण ओळखला, 1938 साली त्याचा वापर सुरू झाला, आणि ही पद्धत रुळली. लेव्हेटिरॅसिटाम हे नंतरचं औषध मात्र या दोन्ही परीक्षांत नापास! वारंवार हलकी चेतना देऊन ज्यांच्या मेंदूला फिटची सवयच लावली होती, त्या प्राण्यांवर ते चाललं. 1999 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मेंदूत ते नेमकं कुठे चिकटतं, हे कळायला 2004 उजाडलं. तेवढ्या एका चाळणीवर विसंबले असते तर ते कचऱ्यातच गेलं असतं.

व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या आणखी एका औषधाची गोष्ट तुम्हाला आवडेल, तुम्ही दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधणारे! 1960 नंतर लगेचच फ्रान्समध्ये काही संयुगं तपासत होते. ती नीट विरघळेनात, म्हणून व्हॅल्प्रोइक आम्लात विरघळवली. मग जे टोचावं ते गुणकारी! शेवटी नुसतं आम्लच देऊन पाहिलं, तर गुण त्याचाच निघाला. ते तर 1882 पासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. म्हणून नवी मुलं आली की मी आधी विचारते, नुसतं द्रावक दिलेले उंदीर कसे आहेत?

इतकी औषधं आली, तरी तिघांपैकी साधारण एकाची फिट अजून आटोक्यात येत नाही. एकाच चाळणीतून बहुधा सारखाच माल निघत राहिला, असं माझं मत. सगळ्यांना पटत नाही. आता मी जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या उंदरांवर काम मागून घेतलंय. त्यांना फिट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे कॅमेरा आणि मेंदूचा आलेख चालू ठेवावा लागतो. काल रात्रभराचं चित्रण बघितलं: एकही फिट नाही, आणि हा उंदीर औषध न दिलेला!

तेव्हा पुढच्या फोनला औषधाचं नका विचारू. उंदीर कसे आहेत, विचारा. आईला नमस्कार.

तुमची,
मुग्धा