ब्रिटनमधल्या सट्ट्याचा भाव ‘जनतेचा कौल’ म्हणून छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची, गेली सोळा वर्षं लंडनजवळ हॅरोला राहते, इथे एका केमिस्टच्या दुकानात कामाला आहे आणि रोज सकाळी ट्रेनमध्ये मोबाइलवर तुमचा पेपर वाचते. इथे कुठल्याही पक्षाच्या नेतेपदाची चर्चा सुरू झाली की दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे बातमी येते, अमका आघाडीवर, तमका मागे, ब्रिटिश जनतेची पसंती अमक्याला, आणि खाली वाचत गेलं की कळतं ही पसंती म्हणजे बुकींनी काढलेला भाव आहे. जनतेला कोणी विचारलेलंच नसतं. हे चूक आहे, आणि असल्या बातम्यांच्या नादात माझ्या घरातल्या पोराचे पैसे गेलेत म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

२०२२ चं सांगते. ७ जुलैला तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी पक्षाचं नेतेपद सोडतोय असं जाहीर केलं आणि सत्तेत असलेल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षात नवा नेता, म्हणजेच नवा पंतप्रधान, निवडायची गडबड सुरू झाली. त्यांची पद्धत अशी की आधी फक्त खासदार मतं देतात, फेरीमागून फेरी होते, प्रत्येक फेरीत शेवटचा गळतो आणि दोघं उरले की मग पक्षाचे वर्गणी भरणारे सभासद त्यातला एक निवडतात. १३ जुलैच्या पहिल्या फेरीत ऋषी सुनक ८८, पेनी मॉर्डंट ६७ आणि लिझ ट्रस ५०. २० जुलैच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३ आणि मॉर्डंट १०५ म्हणून बाहेर. तिकडे भारतात सगळ्या चॅनेलवर तेच, सुनक पहिले, सुनक पुढे, आणि नारायण मूर्तींचे जावई म्हणजे पुण्याचाच माणूस असल्यासारखं चाललं होतं, कारण इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली ना. अभिमान मलाही वाटत होता, खोटं कशाला बोलू.

माझा भाचा सांगलीला असतो, तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा फोन आला, मावशी, सुनक एक नंबरला आहे तरी त्याच्यावर लावलं तर जास्त पैसे मिळतायत आणि ट्रसवर कमी, असं कसं? मी ड्युटीवर होते, काउंटरवर रांग होती, म्हटलं रात्री बोलू. रात्री फोन केला तोवर त्यानं कुठल्यातरी ॲपवर, ज्याचा माणूस व्हॉट्सॲपवरच भेटतो, चाळीस हजार लावून टाकले होते. लॅपटॉप घ्यायला ताईनं दिलेले पैसे होते ते. त्याचा प्रश्न मात्र एकदम बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्याला कुठल्याच मराठी बातमीत मिळालं नव्हतं. उत्तर एवढंच होतं की सुनक पुढे आहेत ते खासदारांत, आता मतं देणार सभासद, आणि सभासदांचा कल ट्रसकडे आहे. यूगव्ह या सर्व्हे करणाऱ्या कंपनीनं ऑगस्टच्या सुरुवातीला सभासदांना विचारलं तेव्हा ‘माहीत नाही’वाले सोडले तर १०० पैकी ६९ ट्रसच्या बाजूचे होते. शेवटी ५ सप्टेंबरला निकाल लागला, ट्रस ८१,३२६ आणि सुनक ६०,३९९. म्हणजे ५७ टक्क्यांच्या थोडं वर, सर्व्हेत दिसत होता त्यापेक्षा फरक बराच कमी. सर्व्हेनं माणूस बरोबर सांगितला, अंतर चुकवलं. तो सर्व्हे काय हे माझ्या भाच्याला कोणी सांगितलं असतं तर लॅपटॉप तेव्हाच आला असता.

आता हे सभासद म्हणजे किती लोक? त्या वेळी १,७२,४३७. आपल्याकडे महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांच्या वर मतदार असतात, म्हणजे आपल्या एका मतदारसंघाच्या जेमतेम निम्म्या लोकांनी पावणेसात कोटींच्या देशाचा पंतप्रधान ठरवला. तेव्हा वर्षाला २५ पाउंड वर्गणी भरली की सभासद होता यायचं, त्याला ब्रिटिश नागरिक असणंही लागत नाही. मग यात ‘ब्रिटिश जनता’ आली कुठून?

आमच्या कोपऱ्यावर एक दुकानदारकाका आहेत, मूळ नैरोबीचे गुजराती, दूध, पेपर, लॉटरी सगळं ठेवतात, ते या पक्षाचे जुने सभासद. त्यांचं मताचं पाकीट मी डोळ्यांनी पाहिलंय. ते उशिरा आलं, कारण दिलेलं मत नंतर ऑनलाइन बदलता येईल अशी सोय पक्ष करणार होता आणि सायबर सुरक्षावाल्या सरकारी खात्यानं सल्ला दिल्यावर ती रद्द करावी लागली. काकांनी ते पाकीट गल्ल्याशेजारी, मेथीच्या जुड्यांच्या मागे उभं करून ठेवलेलं. कोड असलेला कागद आत, पोस्टानं टाका नाहीतर ऑनलाइन द्या. रोज दूध घ्यायला गेले की मी विचारायचे, काका, दिलं का? आणि ते म्हणायचे, बेन, अजून ठरत नाही. टॅक्स कमी करणारी बाई बरी वाटते पण पैसे आणणार कुठून तेही कळत नाही. ३१ ऑगस्टला शेवटची सभा आमच्या शेजारीच वेम्बलीला झाली तिथेही जाऊन आले, तरी दोन दिवस पाकीट तिथेच. आणि या सगळ्या काळात भाव बघाल तर ट्रस जिंकल्यातच जमा! काकांच्या डोक्यात काय चाललंय ते त्या भावात कुठेच नव्हतं. ज्यांच्याकडे पाकीट नव्हतं अशा लोकांनीच तर पैसे लावले होते, त्यात जगभरातले हौशी आले, आमच्या सांगलीतलं पोरही आलं.

भाव बनतो कसा हे जरा सांगते कारण आपल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्यामुळे ‘ज्याचा भाव कमी तो फेव्हरिट’ एवढंच लोकांना माहीत असतं. इथे ४/१ असं लिहितात, म्हणजे एक पाउंड लावला आणि माणूस जिंकला तर चार मिळतात शिवाय आपला एक परत. पाचात एक म्हणजे वीस टक्के शक्यता असा त्याचा अर्थ. पण सगळ्या उमेदवारांच्या अशा टक्क्यांची बेरीज करा, ती शंभरच्या वर जाते, वरचं ते बुकीचं. म्हणजे जो आकडा तुम्ही ‘इतके टक्के पसंती’ म्हणून छापता तो मुळात शक्यतेचा अंदाज, तोही बुकीचा नफा घालून फुगवलेला. आणि भाव हलतो तो डोक्यांवर नाही, पैशांवर. दहा हजार पाउंड लावणारा एक माणूस आणि दहा दहा पाउंड लावणारी हजार माणसं, बुकीच्या वहीत सारखीच. याचा सगळ्यात मोठा दाखला २३ जून २०१६ चा, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की नाही त्या मतदानाचा. त्या दिवशी भाव बघून सगळे म्हणत होते की ‘राहायचं’ जिंकणार, कारण जास्त रक्कम त्या बाजूला लागली होती. पण किती जणांनी लावले हे मोजलं तर जास्त माणसं ‘बाहेर पडायचं’ या बाजूला होती. निकाल लागला ५१.९ टक्के बाहेर. पैसा एकीकडे आणि माणसं दुसरीकडे, हे त्यांच्याच वहीत दिसत होतं.

नेतेपदाच्या निवडणुकीत तर हे असं फसणं पहिल्यापासून चालू आहे. इथे सट्ट्याची दुकानं कायद्यानं सुरू झाली १९६१ मध्ये, आणि दोन वर्षांत म्हणजे १९६३ ला हुजूर पक्षाचा नेता कोण होणार यावर बुकींनी भाव काढला. रॅब बटलर फेव्हरिट, झाले ॲलेक डग्लस-ह्यूम. २००१ मध्ये मायकेल पोर्टिलो फेव्हरिट आणि एका मतानं गेले, डंकन स्मिथ ५४, पोर्टिलो ५३. २००५ ला डेव्हिड डेव्हिस होणार असं सगळे धरून चालले होते, ब्लॅकपूलच्या अधिवेशनात डेव्हिड कॅमेरॉननी हातात कागद न घेता भाषण केलं आणि चित्र पालटलं. मजूर (लेबर) पक्षाचं २०१५ चं तर मला नीट आठवतं. जेरेमी कॉर्बिन यांना उभं राहायला ३५ खासदारांची शिफारस लागत होती, १५ जूनला दुपारी बारा वाजता मुदत संपणार, शेवटच्या काही मिनिटांत ३६ झाल्या, त्यातल्या कित्येकांनी सह्या केल्या त्या फक्त चर्चेत डावा विचार असावा म्हणून, मत दुसऱ्यालाच द्यायचं होतं. भाव १००/१. पण त्या वर्षी पक्षानं तीन पाउंडात कोणालाही ‘समर्थक’ म्हणून मत द्यायची सोय केली होती, त्या रांगा कोणी मोजल्या नाहीत. जुलैत यूगव्हनं प्रत्यक्ष मत असणाऱ्यांना विचारलं आणि कॉर्बिन पुढे निघाले तेव्हा लोकांनी तो सर्व्हेच वेड्यात काढला. १२ सप्टेंबरला ५९.५ टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत आले. ज्यांच्याकडे मत आहे त्यांना जाऊन विचारणं आणि बाजारात काय बोलतात ते ऐकणं यातला फरक मला त्या वर्षी कळला.

आणि जिथे मतदार शंभर-सव्वाशे खासदार आणि मतदान गुप्त, तिथे तर भाव म्हणजे निव्वळ कुजबुज. ८ ऑक्टोबर २०२४ ला हुजूर पक्षाच्या फेरीत जेम्स क्लेव्हरली ३९ मतं घेऊन पहिले आले, बाकीच्यांना ३१, ३० आणि २०. लगेच ते फेव्हरिट. आमच्या केमिस्टच्या शेजारीच सट्ट्याचं दुकान आहे, भिंतभर टीव्ही, काउंटरवर बोटाएवढ्या पेन्सिली आणि चिठ्ठ्या. तिथून निघून नेहमी आमच्याकडे येणारे एक आजोबा, पेन्शनवर जगणारे, त्यांनी ९ तारखेला सकाळी वीस पाउंड क्लेव्हरलींवर लावले आणि मला चिठ्ठी दाखवून गेले. दुपारी परत आले ते गप्पच. केमी बेडनॉक ४२, रॉबर्ट जेनरिक ४१, क्लेव्हरली ३७ आणि बाहेर. क्लेव्हरलींच्याच काही समर्थकांनी समोर सोपा गडी यावा म्हणून मतं फिरवली आणि गणित चुकलं असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. आजोबा आमच्या काउंटरवर हात टेकून म्हणाले, काल तर सगळे म्हणत होते. वीस पाउंड म्हणजे इथे त्यांचा आठवड्याचा भाजीपाला आहे.

आणखी एक गोष्ट, भाव हलला की कोणाला तरी आतलं काही माहीत असेल असंही असतं. मे २०२४ मध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी खुद्द पंतप्रधानांच्या जवळच्या खासदारानं जुलैत निवडणूक होणार यावर १०० पाउंड लावले, ते त्यांनी मान्यही केलं. त्या प्रकरणी एप्रिल २०२५ मध्ये १५ जणांवर आरोप ठेवले गेले, निवाडा कोर्ट करेल. पण हलणाऱ्या भावाला तुम्ही ‘वाढता पाठिंबा’ म्हणता तेव्हा हे लक्षात घ्याल की नाही?

दिवाळीचंही लिहिते कारण ते मनात राहिलंय. २४ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजन, मी करंज्या तळत होते आणि फोन थांबेना, ब्रिटनच्या लोकांनी आपल्या माणसाला निवडून दिलं. दिलं नव्हतं. ट्रसबाईंचं टॅक्स कमी करणारं मिनी बजेट, पाउंड पडला, आमचा गृहकर्जाचा हप्ता चढला, त्या गेल्या, आणि नव्या फेरीला पक्षानं अट घातली की १०० खासदारांचा पाठिंबा हवा. जॉन्सन सुट्टी टाकून परत आले आणि माघार घेऊन बसले, मॉर्डंटनीही माघार घेतली, मतदान झालंच नाही. ना जनतेचं ना सभासदांचं. काकांना त्या वेळी पाकीट आलंच नाही, त्याचा त्यांना राग आहे अजून. सुनक पंतप्रधान झाले याचा आनंद मलाही झाला, पण कसे झाले ते नीट सांगितल्यानं तो कमी होत नाही.

माझी विनंती साधी आहे. नेतेपदाची बातमी देताना पहिल्याच परिच्छेदात लिहा की मतं कोण देणार आणि ते किती जण आहेत. सर्व्हे असेल तर कोणाला विचारलं, सभासदांना की सर्वसामान्य लोकांना, किती जणांना आणि कधी, ते लिहा. सट्ट्याचा भाव द्यायचाच असेल तर त्याला भावच म्हणा, ‘कौल’, ‘पसंती’, ‘पाठिंबा’ हे शब्द त्याला लावू नका. हे भाव बुकींच्या कंपन्या फुकट जाहिरात व्हावी म्हणून स्वतःच पेपरांना पाठवतात हे तुमच्या डेस्कवरच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आणि तुमच्या वेबसाइटवर अशा बातमीशेजारी पैसे लावायच्या ॲपच्या जाहिराती मी २०२२ ला पाहिल्या आहेत, केंद्र सरकारनं त्याच वर्षी जूनमध्ये अशा जाहिराती घेऊ नका म्हणून सूचना काढली होती तरीही. आता ऑगस्ट २०२५ मध्ये तर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच झालाय, तेव्हा यापुढे अशी एकही दिसू नये.

इथली निवडीची पद्धत दोन्ही पक्षांची वेगळी आहे आणि मधूनमधून नियमही बदलतात. तुम्हाला हवं असेल तर पुढच्या वेळी मी ती सोप्या मराठीत लिहून पाठवते, मानधन नको. काकांना विचारून घेईन, त्यांना तोंडपाठ आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
हॅरो, लंडन (मूळ मिरज)