तेलाची कृती छापता तर माप पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या अभ्यंगासाठी घरच्या घरी मसाज ऑइल कसं करायचं याची कृती आली होती. फोटो फार सुरेख, पितळी वाटी, झेंडूची फुलं वगैरे, पण कृती अशी की एक वाटी खोबरेल तेल कोमट करा, त्यात कापूर टाका, निलगिरी, पुदिना आणि लवंग यांच्या इसेन्शियल ऑइलचे (म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या कडक वासाच्या तेलाचे) "थोडे थेंब" घाला आणि बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना लावा. मी नोकरीची सगळी वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर आहे, असं तेल स्वतः घरी करते आणि मला ते आवडतं, म्हणजे मी काही या सगळ्याच्या विरोधात नाही. पण "थोडे थेंब" हे काय माप झालं? भाजीत मीठ थोडं जास्त पडलं तर पानात कळतं हो, इथे अंगावर पुरळ आल्यावर कळणार आणि लहान मूल असेल तर त्याहून वाईट.

आधी हे बघा की इसेन्शियल ऑइल किती कडक असतं. गवती चहाचं 100 किलो हिरवं गवत भट्टीत घातलं की जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. आपण चहात दोन पाती टाकतो आणि इथे एका थेंबात त्याच्या कितीतरी पट गवत आलेलं असतं. त्यामुळे "नैसर्गिकच आहे ना, मग काय होतंय" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. लवंग पण नैसर्गिक आहे, लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरताना हिरडीला लागला की कशी आग होते ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

तर माप असं. मोठ्या निरोगी माणसाच्या अंगाला लावायच्या तेलात इसेन्शियल ऑइल साधारण 2 टक्के, म्हणजे 100 एमएल तेलाला 2 एमएल, थेंबांत मोजलं तर अंदाजे 40. म्हातारी माणसं, नाजूक त्वचा किंवा चेहरा असेल तर 1 टक्का, म्हणजे 20 थेंब. आणि हे 40 थेंब सगळे मिळून बरं का, प्रत्येकाचे 40 नाहीत! थेंबांचं पण खरं नसतं, एका बाटलीच्या ड्रॉपरमधून एमएलला 20 पडतात तर दुसऱ्यातून 30 सुद्धा पडतात, म्हणून मी मेडिकलमधून 2 एमएलची साधी सिरिंज सुईशिवाय घेते, दोन-पाच रुपयांचं काम, आणि सरळ एमएलमध्ये मोजते.

शिवाय सगळ्या तेलांना एकच नियम लावून चालत नाही. गवती चहाचं तेल पाऊण टक्क्याच्या आतच ठेवायचं, लवंगेचं जास्तीत जास्त अर्धा टक्का, म्हणजे 100 एमएलला 10 थेंब ही वरची हद्द, मी तर 4-5 वरच थांबते. दालचिनीच्या सालीचं तेल घरच्या मालिशमध्ये नकोच, त्याची हद्द इतकी खाली आहे की 100 एमएलला 2 थेंब सुद्धा जास्त होतात. लिंबू, बर्गामोट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) असली सालीतून दाबून काढलेली तेलं लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, नंतर काळे डाग पडतात ते महिनोन् महिने जात नाहीत. दिवाळीत पहाटे तेल लावून, आंघोळ करून, फराळ उरकून दहा वाजता उन्हात फोटो काढायला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता बाळाचं, कारण मी पत्र लिहायला बसले ती मुळात त्यासाठीच. खोबरेलात कापराची वडी विरघळवून सर्दी झालेल्या बाळाच्या छातीला चोळणं आपल्याकडे घराघरात चालतं, न्हाऊ घालणाऱ्या बाईपासून ते सोसायटीच्या ग्रुपवरच्या काकूंपर्यंत सगळ्या सांगतात. पण कापूर कातडीतून आणि नाकातून दोन्हीकडून अंगात जातो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात, निलगिरीचं पण तेच, आणि पुदिन्यातलं मेंथॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावलं तर श्वास अडकू शकतो. अमेरिकेत तर 1980 च्या दशकापासून औषधात 11 टक्क्यांपेक्षा जास्त कापूर घालायला बंदी आहे. आपल्याकडच्या कापूर-मेंथॉलवाल्या बामच्या बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात 2 वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं छापलेलं असतं, ते चष्मा लावून एकदा वाचा. वर देवाच्या कापराची वडी ही जाळायला केलेली वस्तू असते, बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेली, ती बाळाच्या अंगाला का लावायची? बाळाला नुसतं खोबरेल पुरतं. काहीही न घातलेलं. वासाची हौस आईला असते, बाळाला नसते.

याच्याच जोडीला अमृतधारा. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (ही खरी फुलं नव्हेत, त्यांच्या अर्काचे खडे) आणि भीमसेनी कापूर एका बाटलीत घालून ठेवलं की आपोआप पाणी होतं, वर्गात मी हे मुद्दाम करून दाखवायचे, पोरं खूष व्हायची. ती चीज डोकेदुखीला कपाळावर टिपूसभर ठीक आहे, पण ते शंभर टक्के अर्क आहे, त्याचा चमचा मसाजच्या तेलात ओतून आजोबांच्या गुडघ्याला चोळायचं काम नाही. आणि फिट्सचा त्रास असलेल्या माणसाला तर कापूर, निलगिरी, रोझमेरी यातलं काहीच नको.

सांधेदुखीवाल्यांना अजून एक सांगायचंय. ऑनलाइन विंटरग्रीन नावाचं तेल मिळतं, वास अगदी दुखण्यावर मारायच्या स्प्रेसारखा, दुखणं पळाल्यासारखं वाटतं. ते जवळपास सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचा सख्खा भाऊ. एका चहाच्या चमचाभर तेलात ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांएवढा ऐवज असतो, पोराने चाटलं तर जीवावर बेतेल आणि हार्टसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ते नुसतं चोळून पण भोवू शकतं. आपल्या घरात साठीच्या पुढचं निम्मं माणूस त्या गोळ्यांवर आहे, आणि मालिश पण त्यांनाच हवी असते.

मी स्वतः काय करते ते लिहिते, म्हणजे नुसती नावं ठेवली असं व्हायला नको. 80 एमएल तिळाचं तेल घाण्याचं, 20 एमएल एरंडेल, त्यात निलगिरी 15 थेंब, आल्याचं 10 आणि रोशाचं 15, झाले 40. थंडीत गुडघ्यांना, खांद्यांना. तिळाचं तेल मुद्दाम, कारण खोबरेल आमच्याकडे धुळ्याच्या थंडीत दगड होतं, 24 अंशाच्या खाली गेलं की संपलंच. एरंडेल जास्त घातलं तर चिकट होतं आणि चादरी खराब होतात (यावरून घरात बोलणी बसतात). वासाचं तेल कधीच गॅसवर घालायचं नाही, तेल कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवायची, वासाचं तेल आधी घातलं तर अर्धं हवेत उडून जातं आणि भडका उडायची भीती वेगळीच. बाटली गडद रंगाच्या काचेची, प्लास्टिकची नको, ही तेलं साधं प्लास्टिक खातात. वर तारीख लिहायची, दोन-तीन महिन्यांत संपवायचं, खवट वास आला की तेल कितीही महागाचं असो, फेकून द्यायचं. आणि पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं. आग झालीच तर पाणी ओतून उपयोग नाही, तेल पाण्यात जात नाही, आधी साध्या तेलाने पुसून काढायचं मग साबण. मुलाने पिलं तर उलटी काढायच्या भानगडीत पडायचं नाही, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

रोशा म्हटलं ते बऱ्याच वाचकांना माहीत नसेल, बाजारात ते पामारोझा नावाने मिळतं. ते आमच्या खानदेशचंच आहे. सातपुड्याच्या अंगाला हे गवत उगवतं, इंग्रजांच्या काळात नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूला त्याच्या भट्ट्या लागायच्या, तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून, कारण त्यातल्या जिरॅनिऑलचा वास गुलाबाच्या जवळ जातो! म्हणजे भेसळीत आपला हात जुनाच आहे. त्यामुळे खरेदी करताना एवढं बघा की गुलाबाचं 1 किलो तेल काढायला साधारण 3 ते 4 हजार किलो पाकळ्या लागतात, मग 10 एमएलची बाटली 100 रुपयात कशी येईल? चंदनाचं पण तेच. ते सगळं कारखान्यातलं सेंट असतं, अगरबत्तीला ठीक, अंगाला नको. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर नसेल तर बाटली परत ठेवा.

कोणी म्हणेल बाई, हे सगळं फार किचकट करता तुम्ही, आपल्या आज्या काय मोजायच्या का? हो, मोजायच्या. म्हणजे ज्यांना येत होतं ते मोजायचेच. आयुर्वेदात औषधी तेल सिद्ध करायचं प्रमाण ठरलेलं आहे, कल्क (म्हणजे वनस्पतीचा वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग, आणि ते झालं कधी ओळखायचं याची सुद्धा खूण दिलेली आहे, कल्काची वात विस्तवावर धरली तर तडतडली नाही पाहिजे, म्हणजे पाणी उरलं नाही. इतकी शिस्त असलेल्या परंपरेचं नाव घेऊन आपण रविवारी "थोडे थेंब" छापतो.

शेवटी बचत गटांबद्दल, कारण दिवाळीच्या प्रदर्शनात हल्ली प्रत्येक दुसऱ्या स्टॉलवर "होममेड अभ्यंग तेल" असतं आणि तुमची कृती वाचून अजून चार होतील. घरी लावायला करणं वेगळं आणि विकायला करणं वेगळं, विकायचं तर कॉस्मेटिकचं लायसन्स लागतं, ते राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) घ्यावं लागतं, लेबलवर घटक, तारीख, पत्ता सगळं लागतं. बायकांनी धंदा करावाच, पण पहिल्याच वर्षी कोणाच्या नातवाला पुरळ येऊन नोटीस येण्यापेक्षा हे आधी कोणीतरी सांगितलेलं बरं. तुमच्या पुरवणीत यावर एक नीट लेख येऊ द्या, त्वचेच्या डॉक्टरांना आणि एफडीएच्या माणसाला विचारून.

आणि नरकचतुर्दशीच्या आधीच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात, दुरुस्तीची चौकट द्या ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी नकोत. त्यात एवढं जरी आलं की 100 एमएलला सगळे मिळून 40 थेंबांच्या वर नाही, 2 वर्षांखाली कापूर-निलगिरी-पुदिना अजिबात नाही, गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं, तरी पुष्कळ झालं. कात्रण मी कपाटाला चिकटवेन.

आपली,
एक जुनी वाचक
देवपूर, धुळे