ओळख दाखवणं

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू नाशिकच्या लग्नातलं सांगत होतास. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस जेवणाच्या रांगेत समोर आला, तुझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल चाळत पुढे निघून गेला. "ओळखसुद्धा दाखवली नाही रे," असं म्हणालास आणि लगेच स्वतःलाच हसलास, की या वयात एवढंसं काय लावून घ्यायचं. मी तेव्हा विषय बदलला. पण ते हसणं मला पटलं नव्हतं, म्हणून आज पेन उचललं.

लागायलाच हवं होतं. स्ट्रॉसन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ सालच्या एका व्याख्यानात साधं उदाहरण दिलंय. कुणाचा चुकून माझ्या हातावर पाय पडला काय, किंवा त्याने मला कस्पटासमान मानून मुद्दाम दिला काय, हात तेवढाच दुखणार. तरी दुसऱ्या वेळी जो संताप येतो तो पहिल्या वेळी येत नाही. आपण त्याच्या खिजगणतीतही नाही, हे झोंबतं. आणि गंमत अशी, की रागावतो तेव्हा आपण समोरच्याला माणसात धरत असतो. दगडाची ठेच लागली म्हणून कुणी दगडाशी अबोला धरत नाही.

जर्मन लोकांकडे या सगळ्यासाठी एक भारदस्त शब्द आहे. त्याचं मराठी 'मान्यता' केलं की मला विनाअनुदानित शाळाच आठवते. तुझ्या तोंडी आलेलं 'ओळख दाखवणं' कितीतरी नेमकं आहे. ओळख दोघांनाही असतेच. दाखवायची की गिळायची, एवढाच प्रश्न.

आता माझं ऐक, आणि हसू नकोस. गेल्या महिन्यात सोसायटीने घरकामाला येणाऱ्या सगळ्यांचे पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म भरून मागितले. आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या मावशींचा फॉर्म मी भरायला बसलो. पहिलाच रकाना, 'संपूर्ण नाव'. पेन टेकवलं आणि थांबलो. सहा वर्षं! सहा वर्षं मी या बाईंच्या हातचं जेवतोय आणि मला नाव माहीत नाही. त्या पोळी लाटत होत्या. मान वर न करता त्यांनी नाव सांगितलं, मधलं नाव वडिलांचं. (त्यांना न विचारता इथे लिहीत नाही.) मग म्हणाल्या, "इतके दिवस मावशीवर भागलंच की."

त्यांना माझं काय काय माहीत आहे? रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, धाकटीचा गणिताचा पेपर कधी, आणि आईशी माझं कुठल्या गोष्टीवरून वाजतं तेही.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. कॉलेजात आपण परीक्षेपुरता घोकला होता तो. १८०७ सालच्या पुस्तकातलं मालक आणि दासाचं प्रकरण आठवतंय? दोघं एकमेकांकडून ओळख वसूल करायला झुंजतात. एक जिवाला भिऊन हार मानतो, दास होतो. मालक जिंकला खरा, पण त्याची फजिती तिथेच सुरू होते. ज्याचा मुजरा तो घेतो त्याला तो माणूसच मानत नाही, मग त्या मुजऱ्याची किंमत काय? दास मात्र हाताने वस्तू घडवतो, घडवलेल्यात स्वतःला पाहतो. फिख्टे हा दुसरा जर्मन तत्त्वज्ञ त्याच्याही आधी, १७९६ मध्ये, म्हणून गेला होता की दुसऱ्याने हाक दिल्याशिवाय माणसाला आपण मोकळे आहोत याची जाणीवच होत नाही.

झालं, मला उदारपणाचा झटका आला. मावशींना म्हटलं, यापुढे तुम्ही मला साहेब म्हणू नका, नावाने हाक मारा. त्या म्हणाल्या, "नावाचं राहू द्या. ते लिफ्टचं बघा."

घरकामगारांनी मागचीच लिफ्ट वापरावी, अशी पाटी आमच्याकडे आहे. मागची लिफ्ट दोन महिने बंद आहे. आमचं घर सहाव्या मजल्यावर. त्या रोज धापा टाकत येत होत्या आणि मी वयाचा दोष समजत होतो.

मला महाड आठवलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पाणी प्यायलं गेलं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी ओंजळ भरली तेव्हा. त्यावर मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. त्याच डिसेंबरात महाडला परत येऊन बाबासाहेबांनी सांगितलं, की आम्ही नुसतं पाणी प्यायला तळ्यावर जात नाही, इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो. त्या तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. परवानगी वरून खाली येते रे. माझं 'नावाने हाक मारा' त्याच जातीचं होतं, फुकटची परवानगी, आणि वर माझीच छाती फुगलेली. आमची लिफ्ट आणि ते तळं एका तागडीत घालत नाही, तेवढी अक्कल आहे मला.

तरी खोड जात नाही. कमिटीला अर्ज मीच लिहितो म्हणून बसलो, तर मावशी म्हणाल्या, "अर्ज आम्ही बायका लिहितो. तुम्ही खाली सही करा." वहीच्या रेघी पानावर लिहून आणला त्यांनी. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं. हात शिवशिवला, पण गप्प बसलो. वर दहा सह्या त्यांच्या आहेत, अकरावी माझी. मीटिंग पुढच्या रविवारी. दुसऱ्या मजल्यावरचे लोक काय बोलणार ते तोंडपाठ आहे मला.

आणि हो, त्या लग्नातलं एक विचारायचं राहिलं. तो मोबाइल चाळत गेला ते कळलं. तू हाक मारली होतीस का त्याला? कळव.

तुझाच,
मी