राउथच्या तक्त्याआधी ड्रमची लेव्हल दाखवा

महोदय,

माझी पुतणी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कंट्रोल सिस्टीम्सचा राउथचा तक्ता (यंत्रणा स्थिर राहील का, हे तपासण्याची रीत) ती झरझर मांडते, रूट लोकसही (गेन, म्हणजे कंट्रोलरचा जोर, वाढवला की यंत्रणेचे वागणे कसे बदलते त्याचा आलेख) सुबक काढते. परवा मी विचारले, ‘या आलेखातला झीरो उजव्या बाजूला आला, तर प्लांटमध्ये काय होते गं?’ ती म्हणाली, ‘काका, प्लांटचं पेपरात विचारत नाहीत.’

मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. तिला बॉयलरच्या ड्रमबद्दल, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळे होतात त्या टाकीबद्दल सांगितले. लोड एकदम वाढला की टर्बाइन जास्त वाफ ओढते, ड्रममधला दाब उतरतो आणि पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात. पाणी कमी होत असते, पण लेव्हल चढलेली दिसते! नुसत्या लेव्हलवर चालणारा कंट्रोलर अशा वेळी फीडवॉटर, म्हणजे ड्रममध्ये सोडायचे पाणी, कमी करतो, म्हणजे नेमके नको ते. उलट थंड पाणी जास्त सोडले, तर बुडबुडे आक्रसतात आणि लेव्हल आधी खाली जाते, मग वर येते. वहीतला उजवीकडचा झीरो तो हाच: आधी उलट्या दिशेला, मग सुलट. लेव्हल फार उतरली तर नळ्या जळतात, फार चढली तर पाणी वाफेबरोबर पुढे जाते. म्हणून लेव्हलच्या जोडीला वाफेचा आणि फीडवॉटरचा फ्लो मोजून थ्री एलिमेंट कंट्रोल लावतात. गेन हवा तेवढा का वाढवता येत नाही, हे मग तिने स्वतःच रूट लोकस काढून मला दाखवले.

यंत्रांचा वेग कायम राखणारे गव्हर्नर हेलकावे खात होते, म्हणूनच मॅक्सवेलने १८६८ मध्ये त्यांचे गणित मांडले; राउथचा निकष १८७७ चा. आपल्या अभ्यासक्रमात मात्र तक्ता आधी येतो आणि यंत्र बहुधा येतच नाही.

संगणकावरचे सिम्युलेशन हवेच, पण त्यात व्हॉल्व्ह अडकत नाही. प्रयोगशाळेत एक खोके, त्यात तापायला बल्ब, तापमानाचा सेन्सर आणि छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड एवढे पुरते. नुसत्या पी वर (जेवढी चूक तेवढी दुरुस्ती) तापमान सेट पॉइंटच्या अलीकडेच थांबते. आय (साठत गेलेल्या चुकीवरची दुरुस्ती) जोडून झाकण बराच वेळ उघडे ठेवा. बंद केल्यावर तापमान किती वर उसळते ते पाहा. डी (चूक किती वेगाने बदलते त्यावरची दुरुस्ती) वाढवला की सेन्सरच्या नॉइजने आउटपुट थरथरू लागते. पी, आय, डी किती ठेवायचे हे ठरवण्याची झिगलर-निकोल्सची १९४२ ची पद्धत मुलांनी या खोक्यावर हाताने करावी आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तेच करून दाखवायला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, आयुष्यभर लूप ट्यून केलेले कितीतरी लोक या शहरात आहेत. महाविद्यालयांनी त्यांना प्रात्यक्षिकाच्या तासाला बोलवावे. मी स्वतः विनामानधन यायला तयार आहे.

– एक निवृत्त अभियंता, नाशिकरोड